सव्वा महिना संपल्यानंतर



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षिकेच्या स्मरणार्थ चालते. त्यांच्या नावाने बोलताना गुळमुळीत बोलणं बरं नाही, म्हणून मुद्दा आधीच सांगते. लांब पल्ल्याची धावपटू गरोदर राहिली की आपण घाबरतो आणि बाळंत झाली की निर्धास्त होतो. माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी आहे. नऊ महिने तिच्या शरीरावर आपण ठेवतो त्यापेक्षा बराच जास्त भरवसा ठेवता येतो. सांभाळायला हवं ते पुढचं वर्ष, आणि नेमकं तेव्हाच तिला वाऱ्यावर सोडलं जातं.

सुरुवात नॉर्वेपासून करू. मार्च १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेडला जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा झाली. इंग्रिड क्रिस्टियानसेन तेव्हा जगातल्या अव्वल धावपटूंपैकी एक, आणि तिचा नंबर आला पस्तिसावा. सराव चोख होता, दुखापत नव्हती, मग पाय का उचलेनात हे कुणालाच कळेना. तपासणी केल्यावर कारण समजलं. तिला दिवस गेले होते आणि बरेच महिने उलटले होते. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. जानेवारी १९८४ मध्ये ह्यूस्टनची मॅरेथॉन तिने २ तास २७ मिनिटं ५१ सेकंदांत जिंकली, आणि एप्रिल १९८५ मध्ये लंडनला २:२१:०६ अशी वेळ देऊन जागतिक विक्रम केला. तो पुढे तेरा वर्षं टिकला.

आता गंमत बघा. ज्या १९८५ मध्ये ही बाई विक्रम करत होती, त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने गरोदर स्त्रियांच्या व्यायामाबद्दल पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नयेत आणि जोराचा व्यायाम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, असं त्यांत होतं. या १४० मागे भक्कम पुरावा नव्हता. माहिती अपुरी होती, म्हणून सावधगिरीने ठरवलेला तो आकडा होता. १९९४ मध्ये त्याच संस्थेने तो काढून टाकला. पण आकडा एकदा छापला की मरत नाही. आजही जिममध्ये, योगवर्गात, क्वचित डॉक्टरांच्या तोंडीसुद्धा मी तो ऐकते.

आकडा चुकतो कुठे, हे समजायचं तर आत काय चाललंय ते पाहावं लागेल. गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं. त्यात पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी. म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा घसरलेला दिसतो. हृदय दर मिनिटाला तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलतं. नुसतं बसलेलं असतानाही नाडी दहा ते वीस ठोक्यांनी वाढलेली असते. श्वास खोल होतो, आणि जिना चढताना लागणारी धाप ही तब्येत ढासळल्याची खूण नसते. थोडक्यात, जो पल्ला पेलण्यासाठी धावपटू वर्षानुवर्षं हृदय घडवत असते, तसंच काहीसं काम शरीर स्वतःहून अंगावर घेतं. मनगटावरच्या घड्याळाला हे कुठून कळणार? ते जुन्याच हिशेबाने ‘झोन ४’ म्हणून लाल होतं आणि बाई घाबरून थांबते.

म्हणून या काळात घड्याळापेक्षा जीभ खरी. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येतंय ना? मग वेग ठीक आहे. दोन शब्दांवर श्वास तुटतोय? वेग उतरवा. सर्वसाधारण स्त्रीसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हे आज अमेरिका, कॅनडा आणि जागतिक आरोग्य संघटना तिघंही सांगतात. त्याचा फायदाही मोजला गेला आहे. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्प्सिया (रक्तदाब चढून इतर अवयवांनाही त्रास होणं) यांची शक्यता व्यायाम करणाऱ्यांत साधारण ४० टक्क्यांनी कमी आढळली.

पण ही झाली सर्वसाधारण स्त्री. जी आठवड्याला शंभर किलोमीटर धावते तिचं काय? तिला वरची मर्यादा हवी असते, आणि तिथे पुरावा विरळ आहे. नॉर्वेतला एक छोटा अभ्यास २०१२ चा. ऑलिम्पिक दर्जाच्या सहा खेळाडू, २३ ते २९ आठवड्यांच्या गरोदर, ट्रेडमिलवर धावल्या आणि सोनोग्राफीने बाळाचे ठोके व गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह मोजला. आईची नाडी तिच्या कमाल नाडीच्या ९० टक्क्यांच्या आत होती तोवर बाळ व्यवस्थित. त्यापुढे गेल्यावर काहींच्या बाळांचे ठोके मंदावले आणि गर्भाशयाचा रक्तप्रवाह सुरुवातीच्या निम्म्याहून खाली आला. थांबल्यावर ठोके लवकरच पूर्ववत झाले. सहाच बायका, त्यामुळे यावर कायदा उभा करता येत नाही. तरी मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना सांगते, की सहज धावणं, लांब धावणं, थोडा टेम्पो चालेल. ४०० मीटरचे जीव काढणारे इंटरव्हल या नऊ महिन्यांत नकोत. त्यांतून मिळणारं असं काहीच नाही जे पुढच्या वर्षी मिळणार नाही.

उन्हाची गोष्ट वेगळी आणि आपल्याकडे ती जास्त लागू आहे. पहिल्या तीन महिन्यांत अंगातलं तापमान ३९ अंशांच्या वर चढणं बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोक्याचं मानतात. नॉर्वेत हा प्रश्न क्वचितच येत असेल. एप्रिलमधल्या नागपुरात सकाळी नऊला धावणाऱ्या बाईला येतो. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपून करायचे पोटाचे व्यायाम सोडावेत, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येऊ शकते. तोल बदललेला असतो, सांध्यांचे बंध सैल होतात, म्हणून खडकाळ डोंगरवाटा टाळाव्यात. सातव्या-आठव्या महिन्यात बऱ्याच जणींना धावणं नकोसं होतं. त्यांनी सायकल, पोहणं, चढावर चालणं यांकडे वळावं आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. आणि काही स्थितींत हट्ट अजिबात नको. रक्तस्राव, गर्भजल जाणं, वार खाली असणं, बाळाची वाढ खुंटणं, रक्तदाब चढणं यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “अहो, आपल्या बायका नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबायच्या, त्यांना कुठे काय झालं?” झालं. आपण मोजलं नाही. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून फड, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं, रात्री चुलीपुढे बसायचं, आणि खाडा केला तर पैसे कापले जायचे. तिची नाडी कुणी पाहत नाही. हे कष्ट आणि सराव एकच नव्हेत. सरावात ओझं किती हे धावणारी ठरवते आणि ओझ्यानंतर विश्रांती येते, खाणं येतं. मोळी वाहणारीला यांतलं काहीच मिळत नाही. व्यायामाने आई-बाळाचं भलं होतं असं सांगणारं शास्त्रच सांगतं, की कामावर वारंवार जड उचलणं आणि तासन्‌तास उभं राहणं यांचा अकाली प्रसूतीशी संबंध दिसतो. तेव्हा ‘राबायच्या’ हा दाखला खेळाच्या बाजूनेही देऊ नये आणि विरोधातही.

दुसरा गैरसमज शिकलेल्यांचा. तंदुरुस्त बाईचं बाळंतपण सुखरूपच होणार. अमेरिकेची धावपटू अॅलिसन फेलिक्स २०१८ मध्ये गरोदर होती. ही बातमी प्रायोजकांना कळू नये म्हणून ती पहाटे अंधारात सराव करायची. ३२ व्या आठवड्यात तपासणीत तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया निघाला आणि तातडीचं सिझेरियन करावं लागलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिच्याबरोबर रिलेचं सुवर्ण जिंकणारी टोरी बोवी २०२३ मध्ये आठव्या महिन्यात घरी मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदनाच्या अहवालात एक्लॅम्प्सियाची, म्हणजे त्याच आजारात येणाऱ्या झटक्यांची, शक्यता नोंदवली होती. या दोघी कमी अंतराच्या धावपटू होत्या, पण रक्तदाबाला अंतर कळत नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहरा-हात सुजणं, ही लक्षणं ‘सरावाचा थकवा’ म्हणून अंगावर काढायची नाहीत. खेळाडूंना दुखणं अंगावर काढायचीच सवय असते, म्हणून त्यांना हे दोनदा सांगावं लागतं.

आता बाळंतपणानंतरच्या त्या वर्षाकडे वळते. यावर मला जास्त बोलायचंय.

पॉला रॅडक्लिफ. २००३ मध्ये लंडनला २:१५:२५ अशी वेळ देऊन तिने मॅरेथॉनचा विक्रम केला होता. पहिल्या गरोदरपणात ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जवळजवळ शेवटपर्यंत धावली. सुरुवातीचे महिने दिवसातून दोनदा, पुढे एक वेळ धावणं आणि एक वेळ सायकल. जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्क मॅरेथॉन तिने २:२३:०९ मध्ये जिंकली. इथिओपियाची गेटे वामी शेवटपर्यंत तिच्या मागावर होती, आणि तीही आईच. अंतिम रेषेनंतर मुलीला कडेवर घेतलेला पॉलाचा फोटो जगभर छापून आला, आणि तेव्हापासून ‘दहा महिन्यांत परत’ हा एक मापदंडच होऊन बसला.

या गोष्टीतला मधला भाग मात्र फोटोत नाही. बाळंतपणानंतर फार लवकर, काही आठवड्यांतच, ती धावायला लागली आणि तिच्या पाठीच्या कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीला, स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. म्हणजे हाडाला बारीक चीर. मग महिनोन्‌महिने धावणं बंद. नऊ महिन्यांचा सराव तिला नडला नाही. नडली ती नंतरची घाई. जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असताना तिची ही गत झाली, तर तालुक्याच्या मैदानावरच्या मुलीला कोण सांगणार?

हाडाला चीर का जाते? अंगावर पाजत असताना ईस्ट्रोजेन उतरलेलं असतं आणि दुधातून कॅल्शियम जातं. पहिल्या सहा महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता तीन ते सात टक्क्यांनी कमी होऊ शकते. पाजणं थांबल्यावर ती भरून येते, त्यामुळे पाजणाऱ्या आईने घाबरायचं कारण नाही. फक्त त्याच महिन्यांत धावण्याचं ओझं एकदम चढवायचं नाही. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट हादरा बसतो आणि तासाभरात साधारण दहा हजार पावलं पडतात. शिवाय झोपेचे तुकडे झालेले असतात, आणि हाडांची डागडुजी झोपेतच बरीचशी होते.

मग खाण्याचा हिशेब. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त हव्यात. पन्नास किलोची बाई दहा किलोमीटर धावली की ढोबळमानाने पाचशे कॅलरी जातात. म्हणजे एका दिवसाला हजार-अकराशेची भर. आपल्या आज्यांचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खोबरं-खसखस ही या हिशेबात मुळीच फाजील नाहीत. ‘बाळंतिणीचा खुराक खाऊन जाडी झाली’ असं म्हणणारे प्रशिक्षक मला भेटले आहेत. त्यांच्यामुळे मुली पहिल्याच महिन्यांत उपाशी राहून वजन उतरवायला जातात, दूध आटतं, पाळी लांबते, आणि सहाव्या महिन्यात नडगी दुखते म्हणून माझ्याकडे येतात. त्यात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया अॅनिमियाग्रस्त आढळल्या. दम लागतो म्हणून ‘स्टॅमिना गेला’ असं ठरवण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आणि तो विषय, जो व्यासपीठावर काढला की सभागृहात खाकरणं सुरू होतं. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, आतडं त्यांवर तोललेलं असतं. सामान्य प्रसूतीत यांतल्या काही तंतूंना मूळ लांबीच्या तिपटीपर्यंत ताणावं लागतं, असा मिशिगनमधल्या संशोधकांनी संगणकावर काढलेला हिशेब आहे. दुसरा कुठला स्नायू एवढा ताणला गेला तर आपण त्याला ‘फाटला’ म्हणू आणि सहा महिने पट्टा बांधू. या स्नायूंना सावरायला चार ते सहा महिने लागतात, कधी जास्त. बाळंतपणानंतर साधारण तीनांतल्या एकीला खोकताना, शिंकताना, उडी मारताना थेंब जातात. माझ्याकडे येणाऱ्या धावपटू गुडघा दाखवायला येतात. तपासता तपासता मी विचारते, “धावताना कपडे ओले होतात का?” मग थोडा वेळ ती गप्प बसते, आणि दाराकडे बघून सांगते, की काळीच ट्रॅकपँट घालते, सरावाआधी चार तास पाणी पीत नाही. प्रशिक्षकाला हे माहीत नसतं, नवऱ्यालाही नसतं. आई म्हणते, “होतंच बाई सगळ्यांना.” सगळ्यांना होतं हे खरं. पण ते बरं करता येतं हे कुणी सांगत नाही. खाली ओढल्यासारखं जड वाटणं ही ‘अंग बाहेर येण्या’ची सुरुवात असू शकते, आणि त्यावर धावत राहणं म्हणजे दुखणं वाढवणं.

आपल्याकडे सव्वा महिना पाळतात. शेक, मालीश, पोट बांधणं, बाहेर न पडणं. विश्रांतीचा भाग मला पसंत आहे, शेगडीचा धूर नाही. पण सव्वा महिना संपला की दुसऱ्या दिवशी तीच बाई हंडा उचलते, कणीक तिंबते, सगळं पूर्वीसारखं. खेळातही तेच चालतं. सहाव्या आठवड्याला डॉक्टर टाके बघतात, “सगळं ठीक आहे” म्हणतात, आणि ते ‘ठीक’ ऐकून ती थेट ट्रॅकवर जाते. डॉक्टरांनी जखम भरली एवढंच सांगितलेलं असतं. सिझेरियनमध्ये कापलेल्या पोटाच्या आवरणाची ताकद सहा आठवड्यांनी जेमतेम निम्मी परतलेली असते, आणि आपल्या देशात पाचांतली एक प्रसूती सिझेरियनने होते.

ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये बाळंतपणानंतर धावण्याबाबत मार्गदर्शिका काढली. धावणं बारा आठवड्यांच्या आधी नको, असं ती सांगते. मी त्यात भर घालते, की बारा आठवडे झाले म्हणजे परवाना मिळाला असं नाही. पहिले पंधरा दिवस श्वास, तळाचे स्नायू हलके आवळणं-सोडणं आणि घरातल्या घरात चालणं. मग चालणं वाढवायचं. सहाव्या आठवड्यानंतर सायकल, नितंब आणि पोटऱ्यांची ताकद. जखम भरून स्राव थांबला असेल तर पोहणं. बाराव्या आठवड्याला स्वतःची परीक्षा घ्यायची. अर्धा तास भरभर चालून बघा. एका पायावर दहा सेकंद उभं राहा, एका पायावर दहा बैठका काढा, जागच्या जागी मिनिटभर धावा, दोन्ही पायांवर आळीपाळीने लंगडी घाला. दुखलं नाही, थेंब गेला नाही, जड वाटलं नाही, तर एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं यापासून सुरुवात. वेग सगळ्यांत शेवटी. ज्यांना कळ लागते किंवा गळतं, त्यांनी एक पायरी मागे यायचं. मागे येण्यात काही गमावत नाही.

यावर मेरी कोमचं नाव येतंच. २००७ मध्ये जुळे मुलगे आणि नोव्हेंबर २००८ मध्ये चीनच्या निंगबोला जागतिक सुवर्ण. सानिया मिर्झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तिने होबार्टला दुहेरीचं विजेतेपद घेतलं. मला दोघींचा अभिमान वाटतो. फक्त ही दोन्ही पुनरागमनं वर्ष उलटून गेल्यानंतरची आहेत, हे हार-तुरे देताना आपण विसरतो. आणि ज्या परतल्या नाहीत त्यांचा फोटो निघत नाही. २०२२ मध्ये ४२ नामांकित धावपटूंचा अभ्यास आला. पूर्वीच्या पातळीवर परतायचं ठरवलेल्यांची कामगिरी नंतरच्या एक ते तीन वर्षांत ढासळली नाही, असं त्यात दिसलं. आनंद आहे. पण आपण पाहतोय त्या जगातल्या निवडक बायका. प्रायोजक नसलेल्या, पाळणाघर नसलेल्या, सासूने मूल सांभाळायला नकार दिलेल्या मुली त्या ४२ मध्ये नसतात.

पैशाचं तर बोलूच. मे २०१९ मध्ये फेलिक्सने जाहीरपणे लिहिलं, की आई झाल्यावर नायकीने तिला पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी रकमेचा करार देऊ केला. त्याच महिन्यात अलिशिया मोंटानोनेही तोंड उघडलं. २०१४ मध्ये ३४ आठवड्यांची गरोदर असताना राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर धावलेली ती हीच. ऑगस्टमध्ये कंपनीने धोरण बदललं. टेनिसमध्ये आई झालेल्या खेळाडूला आपलं जुनं मानांकन तीन वर्षांपर्यंत वापरता येतं. फुटबॉलमध्ये २०२१ पासून किमान चौदा आठवड्यांची पगारी रजा आहे. आपल्या निवड चाचण्यांत मागच्या वर्षाची कामगिरी विचारतात. जी मागचं वर्षभर पाळण्याशेजारी होती, तिने काय दाखवायचं? घाई शरीराला असते असं नाही. बऱ्याचदा ती अर्जातल्या त्या रकान्याला असते.

सोफी पॉवर या ब्रिटिश धावपटूला २०१४ मध्ये आल्प्समधल्या मों ब्लांच्या शर्यतीत प्रवेश मिळाला होता. गरोदरपणामुळे तिने तो पुढे ढकलून मागितला. नकार मिळाला. दुखापत झालेल्यांना मात्र ती सवलत होती. २०१८ मध्ये ती तीन महिन्यांचं बाळ घेऊन गेली, वाटेतल्या कूरमायरच्या मुक्कामावर बाळाला पाजलं आणि १७१ किलोमीटर पूर्ण केले. त्या फोटोचं कौतुक करणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की तीन महिन्यांत तिला धावायला लावणारा नियम कुणी केला होता? तो पुढे बदलला गेला. बोस्टन मॅरेथॉननेही २०२३ पासून गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना प्रवेश पुढे ढकलायची मुभा दिली. आपल्याकडे गावोगावी हाफ मॅरेथॉन होतात, आणि संयोजकांपैकी बरेच जण आज इथे बसलेले दिसतात. पुढच्या हंगामाचा अर्ज छापायला टाकण्याआधी त्यात ही सवलत घाला, आणि शर्यतीच्या जागी बाळाला पाजायला एक आडोसा करा.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न आधी घेते. धावून आल्यावर पाजलं तर दूध आंबट होतं का आणि बाळ तोंड फिरवतं का? फार जोराच्या व्यायामानंतर दुधात लॅक्टिक अॅसिड थोडं वाढतं, तेही थोडा वेळच. नेहमीच्या धावण्याने दुधात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही आणि बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही. बाळाने तोंड फिरवलंच तर ते बहुधा घामाच्या चवीमुळे, तेव्हा आधी अंग पुसून घ्या. धावायला जाण्याआधी पाजून गेलात तर छाती हलकी राहते आणि पट्टेवाली घट्ट ब्रा काचत नाही. पाणी मात्र घरातून निघताना पिऊन निघा. पुढची चिठ्ठी कुणाची आहे?